स्वभाव कोणता, दुखणं कोणतं: जुन्या जपानी शंभर सीसी गाड्या कशा तोलाव्यात

जुनी जपानी गाडी घ्यायची म्हणून पहिल्यांदा बाहेर पडलेला माणूस एकच प्रश्न घेऊन येतो: यामाहा भारी की होंडा? मीही तोच प्रश्न घेऊन निघालो होतो. एका विक्रेत्याकडून यामाहाची आरएक्स शंभर घेतली. "इंजिनला स्पॅनर लागलेला नाही," असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. मित्राकडे त्याच्या वडिलांची होंडाची सीडी शंभर होती. दोन्ही गाड्या महिनाभर आलटूनपालटून चालवल्या आणि मी ठरवून टाकलं की यामाहा म्हणजे धूर, आणि होंडाला तोड नाही. पुढे आरएक्सचं हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर ०.७५ असा शिक्का होता, म्हणजे ब्लॉक (सिलिंडर) आधीच तीनदा बोअर केलेला, आतून घासून रुंद केलेला. क्लचच्या बाजूचं क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं) सील फाटलेलं होतं आणि गाडी गिअरचं ऑइल पिऊन धूर सोडत होती. मी महिनाभर यामाहा आणि होंडाची तुलना करत नव्हतो. एका आजारी गाडीची एका धडधाकट गाडीशी करत होतो.

तेव्हापासून कोणतीही जुनी गाडी बघताना मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एक, त्या गाडीचा स्वभाव, जो कारखान्यातून घेऊन आली. दुसरं तिचं दुखणं, जे नंतर लागलं. हे दोन वेगळे ओळखता आले की तुलना आपोआप जमते. नवख्या माणसाला हे कसं ओळखावं, तेवढंच इथे क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: कोणत्या चार गाड्या, आणि सगळ्या शंभरच का

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे राजदूत १७५, येझदी २५० आणि बुलेट ३५०. सरकारनं परदेशी कंपन्यांशी तांत्रिक करार करायला दुचाकींमध्ये वाट मोकळी केली, पण १०० सीसीपर्यंतच. म्हणून जपानच्या चारही मोठ्या कंपन्या एकाच मापाचं इंजिन घेऊन दोन-तीन वर्षांत भारतात उतरल्या. तुलना करणाऱ्याला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. देश तोच, रस्ते तेच, इंजिनाचं माप जवळजवळ तेच आणि डोकी चार.

पहिली आली सुझुकी. तमिळनाडूतल्या होसूरच्या कारखान्यातून १९८४ मध्ये इंड-सुझुकी एएक्स १०० बाहेर पडली. पुढे या कंपनीचं नाव टीव्हीएस-सुझुकी झालं आणि सामुराई, शोगुन या गाड्या त्याच घरातून आल्या. १९८५ मध्ये हरियाणातल्या धारूहेडाहून हिरो होंडा सीडी १०० आली. चौघींतली ही एकटीच फोर-स्ट्रोक. त्याच वर्षाच्या शेवटी एस्कॉर्ट्सनं यामाहा आरएक्स १०० आणली आणि ती १९९६ पर्यंत बनत राहिली. सुरुवातीच्या काही गाड्यांचे भाग जपानहून पेटीबंद येऊन इथे जुळवले गेले, म्हणून "मेड इन जपान" गाडी म्हटलं की आजही विकणाऱ्याचा आवाज चढतो. चौथी कावासाकी बजाज केबी १००, १९८६ची. बजाज म्हणजे आपलं आकुर्डी आणि वाळूज, त्यामुळे पुणे आणि औरंगाबादच्या बाजूला ही गाडी घरातल्यासारखी वावरली. तिथल्या जुन्या मेस्त्रींचा हात अजून तिच्यावर बसलेला आहे, आणि मराठी माणसानं केबी घ्यायची तर हा फायदा खरा आहे.

सामुराई, केबी आरटीझेड, आरएक्सजी, आरएक्स १३५ या पुढच्या गाड्या. त्या चांगल्याच आहेत, पण पहिल्या तुलनेत मिसळू नका. १३५ची गाडी १००च्या शेजारी उभी करून "यामाहा बघ कशी उडते" म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: गाडी श्वास कुठून घेते ते बघा

माहितीपत्रकातले आकडे सगळेच वाचतात. आरएक्सची ताकद ११ बीएचपी, ७५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्यांना. सीडीची सात-साडेसात. पण हा फरक का आहे, ते कळलं नाही तर आकडा नुसताच आकडा राहतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण इंजिनात कोणत्या दारानं शिरतं, हा खरा प्रश्न. गाडीचा स्वभाव त्या दारापाशी ठरतो.

टू-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. माप सारखं असूनही टू-स्ट्रोकला पिकअप जास्त का, याचं पहिलं कारण हे. पण टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जाताना थोडं ताजं पेट्रोलही सोबत घेऊन जातं. अ‍ॅव्हरेज तिथेच गळतं.

आता यामाहा. कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक छोटा पिंजरा असतो आणि त्यावर पातळ पाती बसवलेल्या असतात. त्यांना रीड म्हणतात. पिस्टन वर गेला की आत ओढ तयार होते, पाती उघडतात. पिस्टन खाली आला की दाब वाढतो, पाती आपटून बंद होतात आणि आत आलेलं मिश्रण माघारी जात नाही. देवळाच्या घंटेसारखं नियमित, फक्त मिनिटाला हजारो वेळा. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्ही ५० मिलिमीटर, म्हणजे अगदी चौकोनी इंजिन. त्याला रेस दिली की ते मोकळ्या गळ्यानं वर चढतं. गाडीचं वजनही शंभर किलोच्या आसपास. तिसऱ्या गिअरमध्ये रेस पिळल्यावर हाताला जो खेच लागतो, त्यावर लोक चाळीस वर्षं जीव टाकून आहेत. मीही त्यातलाच.

सुझुकीचा गळाही रीडचाच, पण स्वभाव वेगळा. यामाहा वरच्या फेऱ्यांत खुलते, तर सुझुकीची ओढ खालच्या आणि मधल्या फेऱ्यांतच मिळते आणि वर गेल्यावर ती आणखी काही देत नाही. हलकी, अंगाला सोपी, गावातल्या अरुंद गल्लीत वळवायला सर्वांत आज्ञाधारक. कमी बोलली गेलेली पण मनानं चांगली गाडी म्हणून मला एएक्सबद्दल फार माया आहे. शेतावर दुधाची किटली लावून जायला हीच बरी, असं म्हणणारी जुनी माणसं उगाच म्हणत नव्हती.

कावासाकीनं तिसरंच दार काढलं. क्रँकच्या उजव्या टोकाला एक पातळ गोल तबकडी बसवली आणि तिचा एक भाग कापून ठेवला. क्रँकबरोबर तबकडी फिरते, कापलेला भाग तोंडासमोर आला की मिश्रण आत जातं, पुढे सरकला की दार बंद. रीडसारखं हे दार आतल्या ओढीवर अवलंबून नाही. कारखान्यानं ठरवलेल्या वेळी उघडणार, ठरलेल्या वेळी मिटणार. म्हणून केबीचा कार्बोरेटर ब्लॉकच्या मागे दिसतच नाही, तो इंजिनाच्या उजव्या झाकणाआड बसलेला असतो. नवख्या माणसाला वाटतं, हिला कार्बोरेटरच नाही! खालच्या फेऱ्यांतही ओढ भक्कम, पण कार्बोरेटर साफ करायचा तर आधी झाकण काढावं लागतं, आणि ते परत नीट बसवणारा मेस्त्री लागतो. ज्याला हे माहीत नाही त्यानं झाकणाचं रबर आवळताना चिमटवलेलं असतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत शिरतं. मग लोक म्हणतात, केबीला पाऊस चालत नाही. केबीचा तो स्वभाव नाही. ती मेस्त्रीची चूक आहे.

आणि होंडा. ९७.२ सीसी, सिलिंडर जवळजवळ आडवा, डोक्यावर वाल्व, ते उघडणारी कॅम, आणि कॅम फिरवणारी टायमिंग चेन. आत घ्यायचं दार वेगळं, बाहेर सोडायचं वेगळं, म्हणून पेट्रोल फुकट जात नाही. "फिल इट, शट इट, फर्गेट इट" ही तिची जाहिरात अजून लोकांच्या तोंडी आहे. तिचा शांतपणा हा तिचा स्वभाव. तिच्याकडून आरएक्ससारखी उडी मागणं म्हणजे बैलाला हरणाच्या शर्यतीत उतरवणं. उलट तो बैल शंभर किलोमीटरवरही त्याच चालीत चालतो.

तिसरी पायरी: इंजिन थंड असताना तिथे पोचा

विकणाऱ्याला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, इंजिनावर हात ठेवा. गरम असेल तर पाहुणचाराचा चहा घ्या आणि तासभर थांबा. गरम गाडी आपलं सुरू होण्याचं दुखणं लपवते.

किक हातानं दाबून बघा, पायानं नको. चांगल्या इंजिनात किक अर्ध्यावर आली की हाताला रबरासारखा अटकाव लागतो आणि थोडा जोर दिल्यावर तो सुटतो. किक तेलातून गेल्यासारखी सरळ खाली गेली, तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअर गेलेला आहे. हा अंदाज दहा-बारा गाड्यांच्या किक दाबल्यावर हातात येतो, म्हणून घ्यायची नसलेल्या गाड्यांच्याही किक दाबून बघा. कुणी नाही म्हणत नाही.

मग प्लग काढायला लावा. टोक तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर जळण बरोबर होतंय. काळं आणि ओलं असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक असेल तर सावध व्हा, कारण इंजिनात कुठूनतरी जास्तीची हवा शिरते आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये ती पिस्टनला जाळते.

टू-स्ट्रोक असेल तर ब्लॉकला कितवा बोअर आहे ते विचारा. आरएक्सचा मूळ बोअर ५०चा. त्यानंतरचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं मोठे: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. म्हणजे ब्लॉकला चार संधी असतात, त्यापुढे नवीन स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर. विकणारा हेड उघडू देत असेल तर चार नट काढायला दहा मिनिटं पुरतात, फडक्यानं कार्बन पुसला की पिस्टनवरचा आकडा दिसतो. उघडू देत नसेल तर शेवटचा बोअर गृहीत धरून किंमत करा. मी त्या पहिल्या वेळी ही दहा मिनिटं वाचवली होती.

आरएक्समध्ये आणखी एक बघायचं. हिच्या इंजिन आणि चेसिसच्या नंबराची सुरुवात "१एल१" अशी असते. आरएक्सला मागणी इतकी आहे की १३५चं इंजिन १००च्या चेसिसमध्ये, किंवा भलत्याच गाडीची टाकी आणि पट्ट्या लावून उभ्या केलेल्या गाड्या सर्रास फिरतात. चांगल्या आरएक्ससाठी आज नव्या शंभर सीसी गाडीपेक्षा जास्त पैसे मागतात, तेव्हा एवढी पडताळणी करण्यात कुणाचा अपमान नाही.

चौथी पायरी: धूर वाचा

या पायरीवर घाई करू नका. धुरासारखं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

टू-स्ट्रोक थंडीत सुरू केल्यावर निळसर पांढरा धूर येणारच, कारण ऑइल पेट्रोलबरोबर जळतं. हा स्वभाव. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर, इंजिन तापल्यावर, तो विरळ व्हायला हवा. तसाच दाट राहिला तर दोन शक्यता. एक, ऑइल पंप जास्त सोडतोय, किंवा पंप काढून टाकून टाकीत अंदाजानं ऑइल ओतलं जातंय. यामाहाच्या ऑटोल्यूबसारख्या व्यवस्थेत पंपाची वायर रेसच्या वायरीशी जोडलेली असते, म्हणून रेस वाढली की ऑइलही वाढतं. कुणाचा तरी पंप एकदा बंद पडतो, इंजिन सीज होतं, म्हणजे पिस्टन आत अडकून जाम होतो, मग मेस्त्री म्हणतो, काढून टाका ती कटकट. तो पंप जागेवर आहे का, चालू आहे का, हे विचाराच. दुसरी शक्यता माझ्या गाडीची: क्लचच्या बाजूचं सील. तेव्हा धुराला जळक्या गिअर ऑइलचा जड वास येतो आणि गिअर बॉक्समधलं ऑइल गळती नसतानाही कमी होत जातं. मॅग्नेटच्या, म्हणजे क्लचच्या विरुद्ध बाजूचं सील गेलं तर धूर नसतो, उलट गाडी हवा ओढते. रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली बसत नाही, लोंबकळत राहतं. हे दुखणं धुरापेक्षा वाईट, कारण ते गुपचूप पिस्टन जाळतं.

सीडीचं उलटं. तिच्यातून निळा धूर कधीच यायला नको. रेस देताना सतत येत असेल तर रिंगा. उतार संपल्यावर पुन्हा रेस देताना एकच भपकारा आला तर वाल्वची सीलं. ऑइलचं झाकण सैल करून बघा. चालू इंजिनातून तिथे फुसफुस वाफ येत असेल तर दाब खाली गळतोय. टॅपेटचा (वाल्व दाबणाऱ्या भागाचा) बारीक टिकटिक आवाज चालतो, तो सेट करता येतो. खडखड आवाज डाव्या बाजूनं येत असेल तर टायमिंग चेनकडे बघा.

पाचवी पायरी: एकाच रस्त्यावर चालवा

दोन गाड्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच रस्त्यावर, शक्यतो एकाच दिवशी चालवा. रस्त्यात तीन गोष्टी हव्यात: थोडी गर्दी, एक चढ आणि तेवढाच उतार. पुण्यातल्यांना कात्रज, साताऱ्याच्या बाजूला खंबाटकी, कोल्हापूरकरांना पन्हाळ्याची चढण. सकाळी लवकर जा.

निघण्याआधी गिअर कसे पडतात ते विचारून घ्या. सीडीचे चारही पुढे दाबायचे. दुसऱ्या गाडीवरून थेट हिच्यावर बसल्यावर पाय चुकतोच.

गर्दीत बघायचं ते हे, की दुसऱ्या गिअरमध्ये माणसाच्या चालीच्या वेगानं गाडी न आचके देता चालते का. सुझुकी आणि कावासाकी इथे गोड वाटतील. आरएक्स थोडी अधीर वाटेल, तो स्वभाव. पण आरएक्स अशा चालीत पुन्हा पुन्हा अडखळत असेल आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी पेट्रोलचे तुषार दिसत असतील, तर रीडची पाती वाकलेली किंवा टोकाला तुटलेली असणार. पिंजरा काढून उजेडासमोर धरला की पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसते. भाग स्वस्त, काम छोटं. या एका कारणानं कितीतरी गाड्या "दम नाही" म्हणून कवडीमोल विकल्या गेल्या आहेत.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. आरएक्स फेऱ्या वाढल्या की स्वतःहून पुढे जायला बघेल. सीडी वेग थोडा सोडेल आणि मग ती चाल सोडणार नाही. चढाच्या मध्यावर टू-स्ट्रोकचा आवाज बारीक होऊन गाडी दबायला लागली तर ताबडतोब क्लच दाबा आणि बाजूला घ्या. ते सीज होण्याआधीचं बोलणं आहे.

उतारावर खरी सावधगिरी. चारही गाड्यांना पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत, आणि आजच्या डिस्कला सरावलेल्या हाताला ते पोचट वाटतात. त्यात टू-स्ट्रोकचं इंजिन गाडीला फारसं अडवत नाही. रेस सोडली तरी गाडी पळतच राहते. शिवाय रेस पूर्ण बंद ठेवून लांब उतार उतरलात तर इंजिन जोरात फिरतं पण ऑइल मात्र नावाला मिळतं. म्हणून जुनी माणसं घाट उतरताना मधूनमधून हलकीशी रेस देत. ती सवय पहिल्या दिवसापासून लावा.

अ‍ॅव्हरेज मोजायची एकच पद्धत

मेन स्टँडवर लावून टाकी तोंडापर्यंत भरा. शंभर किलोमीटर तरी चालवा. त्याच पंपावर, तशीच स्टँडवर लावून पुन्हा तोंडापर्यंत भरा आणि भागाकार करा. काट्यावर विश्वास नको. चांगल्या सीडीनं साठ-सत्तर द्यायला हवेत, चांगल्या आरएक्सनं चाळीसच्या आसपास. आरएक्स पंचवीसवर असेल तर ते दुखणं आहे. आरएक्स साठ देत नाही म्हणून नाराज होऊ नका.

सहावी पायरी: भाग कुठे मिळतात ते आधी, गाडी नंतर

मनापासून सांगतो, या पायरीवर निवड बदलली तरी चालेल. सीडीच्या इंजिनाचं कूळ १९९४च्या स्प्लेंडरमध्ये पुढे चाललं, त्यामुळे तालुक्याच्या गावातही कुणीतरी तिचं काम करतो. आरएक्सचे भाग भरपूर मिळतात, पण निम्मे डुप्लिकेट. हलका पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो आणि पकडतो, म्हणून पिस्टन-रिंग आणि सील या दोन गोष्टींत पैसे वाचवू नका. केबी आणि एएक्सचं सगळं शोधावं लागतं. तबकडी, झाकणाची रबरं, साइड पॅनल, मीटर. यातली गाडी घेणार असाल तर एखादी भंगारातली गाडी भागांसाठी सोबत घ्यायची तयारी ठेवा, आणि तुमच्या गावापासून तासाभरात तिला ओळखणारा मेस्त्री आहे का, ते आधी बघा. नसेल तर माझा सल्ला सीडीचा. पहिल्या गाडीवर माणूस शिकतो, आणि शिकायला चालती गाडी लागते.

सातवी पायरी: कागद

इथे भावनेला जागा नाही. नोंदणी आधी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे १९९० सालची गाडी २०२५ पर्यंत पाच वेळा नूतनीकरण होऊन गेलेली हवी. एकदाही झालं नसेल तर तो थकलेला सगळा खर्च तुमच्या माथी येणार, म्हणून किंमत ठरवण्याआधी आरटीओत विचारा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, नूतनीकरणाला २५, दुसऱ्या आरटीओतून आणायची तर एनओसीसाठी २८. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबर पाटीही हवी.

"व्हिंटेज गाडी आहे, तिला हे नियम लागत नाहीत," असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी गाडी. १९८५ची आरएक्स तिथे २०३५ नंतर पोचेल.

आणि चेसिस नंबर स्वतः काढा. स्टेअरिंगच्या गळ्यापाशी कोरलेल्या नंबरावरची माती पुसा, पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. आरटीओतही अशीच छाप घेतात. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची उमटली पाहिजेत. एखादा आकडा तिरका किंवा जास्त खोल असेल, भोवती कानशीचे ओरखडे उमटले असतील, तर गाडी कितीही देखणी असो, कागद घडी करून खिशात घाला आणि परत या.

घरी आणल्यावर पहिला महिना

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुनं रबर मऊ करतं. टाकी रिकामी करून आत टॉर्च मारा. गंज दिसला तर आधी टाकी साफ करून घ्या, मगच कार्बोरेटर, नाहीतर तेच काम दोनदा होतं. पेट्रोलची नळी आणि कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) रबरं नवी टाका. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घेताना डब्यावर जासो एफसी किंवा एफडी हा जपानी दर्जा लिहिलेला बघा, आणि सुट्टं ऑइल घेऊ नका.

बोअर केलेला असेल तर पहिले पाचशे किलोमीटर एका वेगावर चालवू नका. रेस अर्ध्याच्या वर नको, मागे माणूस नको, आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरला सावलीत दहा मिनिटं थांबा. एक छोटी वही सीटखाली ठेवा. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, प्लगचा रंग, एवढंच लिहायचं. माझ्या आरएक्सच्या वहीत नव्या बोअरनंतरची पहिली नोंद आहे: "प्लग बिस्किटासारखा. धूर चौथ्या किलोमीटरला गेला." त्याच संध्याकाळी मित्राची सीडी पुन्हा मागून आणली आणि दोन्ही गाड्या कात्रजला घेऊन गेलो.